पाठ नसलेला कोट

सुचिता आमच्या शेजारी सून म्हणून आली त्याला एकवीस वर्षं झाली, पण अजूनही ती भेटली की आधी माझ्या डाव्या कानामागे बघते. तिथे उजेड कसा पडलाय ते तिला पाहायचं असतं. मी म्हणते, बाई, मी विरजण मागायला आलेय, फोटो काढायला नाही. ती मान डोलावते आणि तरीही दोन बोटांनी माझी हनुवटी जराशी खाली करते. मग विरजण देते.

चिखलीत आमची दोन घरं एका भिंतीची आहेत. भिंतीच्या अलीकडे मी, सिंधू, आणि माझे यजमान महादेवराव. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. पलीकडे सुचिता, तिचा नवरा राजकुमार, बुलडाण्याला कॉलेजात जाणारी मुलगी समीक्षा, आणि सासू वच्छलाबाई. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत ‘राजकुमार फोटो स्टुडिओ’ होता. तो सुचिताच्या सासऱ्यांनी, किसनरावांनी काढला, राजकुमार जन्मला त्याच वर्षी. पोराचं नाव स्टुडिओला दिलं की स्टुडिओचं पोराला, यावर त्या घरात अजून एकमत नाही. किसनराव आता नाहीत, त्यामुळे होणारही नाही.

मोबाईल नव्हते त्या काळात आसपासच्या पन्नास खेड्यांतली लग्नाळू पोरं-पोरी ‘दाखवायचा फोटो’ काढायला या स्टुडिओत यायची. अंगावरचे कपडे दाखवण्यासारखे असतीलच असं नसायचं, म्हणून किसनरावांनी दोन वस्तू ठेवल्या होत्या. एक काळा कोट आणि एक मोरपंखी रेशमी साडी.

कोटाला पाठ नव्हती. म्हणजे होती, पण मधोमध वरून खालपर्यंत उभी कापलेली. बारीक पोरगा आला की मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे, जाडा आला की तसाच उघडा सोडायचा. फोटोत पुढूनच दिसायचं. पुढून प्रत्येक जण तहसीलदार दिसायचा. साडीही पूर्ण नव्हती, अडीच वारच. फोटो कमरेपर्यंतच निघायचा, मग खाली कशाला वाया घालवा. ती साडी पोरींना चापूनचोपून नेसवायचं आणि मागून टाचण्या लावायचं काम वच्छलाबाईंचं. पडद्यामागे कोण आलं, काय घालून आलं, किती रडलं, हे सगळं त्यांना माहीत. आणि किसनरावांनी घरात एक नियम घालून दिला होता: पडद्यामागचं पडद्यामागं. दवाखान्यातल्या सिस्टरनं पाळावा तसा तो नियम त्या माऊलीनं पाळला. मी इतकी वर्षं भिंतीला लागून राहते. पलीकडे अर्ध्या तालुक्याची लग्नं जुळली आणि मला एक शब्द कळला नाही. माझ्यासारख्या बाईवर याहून मोठा जुलूम कोणी केला नसेल.

माझी गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढे लागणार आहे. अठ्ठ्याण्णव साली आमच्याकडे महादेवरावांचा फोटो आला, त्यात ते त्या काळ्या कोटात होते. मी कोटावर भाळले, हे मी कधीच नाकारलेलं नाही. लग्नानंतर पहिल्या थंडीत म्हटलं, अहो, तो कोट काढा ना. त्यांना ठसका लागला. आम्ही तेव्हा दुसऱ्या गल्लीत राहायचो. पुढच्या आठवड्यात मी या स्टुडिओच्या काचेपुढून जात होते, तर आत ओळीनं सहा फोटो, सहा नवरदेव आणि एकच कोट. तेव्हापासून आजपर्यंत मी त्यांना चारचौघांत ‘कोटवाले’ म्हणते. गल्लीतली लहान पोरंही म्हणतात. ते बिचारे हसतात आणि पाणी पितात.

पण त्यांच्याकडे जो माझा फोटो गेला होता, त्यात मी स्टुडिओच्याच मोरपंखी रेशमी साडीत होते, आणि काळ्या-पांढऱ्या फोटोत तिचा रंग ओळखू येत नव्हता. हे मात्र मी कधी उगाळलं नाही. सासूबाईंनी विचारलं, ती फोटोतली साडी कुठंय? मी म्हटलं, धाकट्या बहिणीनं, संजीवनीनं, ठेवून घेतली. एवढंच. पण महादेवरावांच्या मनात ते बसलं. संजीवनी घरी आली की ते कपाटाची किल्ली खिशात घालायचे. सव्वीस वर्षं माझ्या गरीब बहिणीला ते मनातल्या मनात, आणि एकदोनदा मोठ्यानंही, साडीचोर म्हणत आले. मी गप्प. मलाही कधीतरी गप्प बसता येतं, हे यावरून सिद्ध होतं.

लॉकडाऊननंतर स्टुडिओ बंद पडला. राजकुमारनं पुढच्या खोलीत मोबाईलची कव्हरं विकायला ठेवली आणि जुना पसारा बोहारणीपुढे टाकला. कोट, साडी, चार टाय, लहान पोरांचा किसनदेवाचा मुकुट, आणि मागे टांगायचा तो मोठा रंगवलेला पडदा: धबधबा, धबधब्यात दोन राजहंस. राजहंस बदकासारखे होते, पण त्याबद्दल कोणी तक्रार केली नव्हती. बोहारीण एक स्टीलची परात द्यायला तयार होती. सुचितानं परात हातात घेतली, पाहिली, परत ठेवली आणि सगळे कपडे उचलून आत गेली. बोहारणीनं गल्लीत उभं राहून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण मला पाठ आहे.

वच्छलाबाई म्हणाल्या, “ठेवलं तं ठेवलं. पण घरात चिंध्या ठेवायच्या नाईत. शिवून टाक.”

त्यांना म्हणायचं होतं, गोधडी शिव. सुचितानं ती शिवली, पण अशी की गोधडी शिवायला सव्वा वर्ष लागलं. खाली धबधब्याचा पडदा, त्यावर मधोमध तो कोट, दोन्ही बाह्या पसरून, आणि चौफेर त्या साडीचा मोरपंखी काठ. पडद्याचा तैलरंग इतका कडक की सुया मोडायच्या. टाके वच्छलाबाईंनी शिकवले, पण नजर सुचिताची स्टुडिओतली, सासऱ्यांनंतर तिथे कॅमेरा तिनंच धरलेला. दहा टाके घातले की ती गोधडी गच्चीवर नेऊन पसरायची, पाण्याच्या टाकीवर चढून मोबाईलवर फोटो काढायची, तो काळा-पांढरा करून बघायची, आणि उतरून त्यातले सहा टाके उसवायची. सासू म्हणायची, आमच्या काळात गोधडी अंगावर घेऊन पाहत होते, टाकीवर चढून नाही. एकदा तर मी माझ्या कानांनी ऐकलं, सुचिता त्या कोटाला सांगत होती, “खांदा सैल सोडा. हां. आता हलू नका.”

याच काळात तिला माळ्यावर निगेटिव्हची पत्र्याची पेटी सापडली. रोज दुपारी खिडकीशी बसून एकेक निगेटिव्ह उजेडावर धरून बघायची. मी रोज दुपारी तिच्याकडे जाऊ लागले.

“सारं पाह्यलं का व?”

“हाव, ताई.”

“मंग?”

“मंग काई नाई.”

सासूनं सुनेला दागिने काय दिले ते मला माहीत नाही, पण हा कुलूपबंद स्वभाव नक्की दिला. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्या पेटीत अठ्ठ्याण्णव सालही असणार. मी दुपारची झोप पुन्हा सुरू केली.

मग समीक्षानं कॉलेजातून एक कागद आणला. पुण्याची एक संस्था बुलडाण्यात जिल्ह्यातल्या कारागिरांचं प्रदर्शन भरवणार होती. आधी फोटो पाठवायचा. निवड झाली तर काम घेऊन यायचं आणि लोकांपुढे पाच मिनिटं त्याबद्दल बोलायचं. ज्याचं काम आणि बोलणं दोन्ही पटेल त्याचं काम पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनात. राजकुमार म्हणाला, गोधडी पाहायला कोण जातं, गोधडीत लोक झोपतात. पण त्या रात्री जेवताना सुचितानं सासूला एकच वाक्य सांगितलं, ते वच्छलाबाईंनी मला सांगितलं, कारण ते पडद्यामागचं नव्हतं: “आई, मी आजवर साऱ्या गावाले नीट दाखवलं. मले एकदा माझं दाखवाचं हाय.”

कागदावर लिहिलं होतं, फोटोत कलाकृतीशिवाय काहीही दिसू नये. एवढी मोठी गोधडी सरळ टांगणार कुठे? आम्ही चौघं गच्चीवर ती वरच्या काठाला धरून मागे उभे राहिलो: राजकुमार, महादेवराव, वच्छलाबाई आणि मी. वारा असा की गोधडी पोटाशी चिकटायची आणि माझं पोट कलाकृतीत दिसायचं. सुचिता टाकीवरून ओरडत नव्हती, स्टुडिओतल्यासारखी हळू सांगत होती, “तिसऱ्या नंबरनं श्वास घेऊ नका.” तिसरा नंबर मी. तासाभरात पंचेचाळीस फोटो काढले. गोधडी एकदम सरळ आली असा एकच होता, आणि त्यात खाली आठ पाय दिसत होते. माझी जोडवी, वच्छलाबाईंच्या भेगा, राजकुमारच्या निळ्या चपला, आणि महादेवरावांचा एका पायात मोजा, दुसऱ्यात नाही. खालून कापायला गेलं तर साडीचा काठ कापला जात होता. तिनं तसाच पाठवला.

आठ दिवसांनी फोन आला. निवड झाली होती. फोनवरच्या बाईनं आधी विचारलं, ते पाय कुणाचे? त्या दिवशी मी मंडईत सगळ्यांना सांगितलं की माझे पाय पुण्याला पोहोचले.

आता राहिलं भाषण. समीक्षानं मोबाईलमधून शोधून एक लिहून दिलं: वस्त्र हा स्मृतींचा अवकाश आहे, आणि टाका हा काळाशी साधलेला संवाद आहे. सुचिता भांडी घासताना ते पाठ करायची. दोन दिवस ऐकून वच्छलाबाईंनी विचारलं, “कोण गेलं व?”

मी सुचिताला बाजूला घेतलं. म्हटलं, हे सोड, सरळ त्या कोटाची गोष्ट सांग. कोणी कोणी घातला, साडी कोण नेसलं. लोक खुर्चीवरून पडतील.

“ताई, मले ठावं हाय ना. पण लोकायची घरं हायेत. कोणाच्या सासरी अजून माहीत नाई. मी माझं नाव कराले त्यायचं कसं सांगू?”

म्हटलं, नावं नको घेऊ.

“नावं नाई घेतली तं तो कोट कोट नाई राहत. चिंधी राह्यते.”

तिचं खरं होतं, म्हणून मी विषय बदलला.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं बुलडाण्याला गेलो. गोधडीला वेगळी सीट. वाटेत केळवदला एक बाई त्या सीटवर बसू पाहत होती, तिला वच्छलाबाईंनी सांगितलं की इथे पेशंट आहे. सभागृहात एकानं लोणारचं सरोवर अकरा वेळा काढलं होतं, अकराही वेळा गोल. एकानं पळसाच्या पानांचे पक्षी केले होते. सुचिताची गोधडी मधल्या भिंतीवर, वरून दिवा. ती पहिल्यांदा कोणी न धरता सरळ टांगलेली पाहून माझे हात उगाच दुखायला लागले. चिखलीहून बरीच मंडळी आली होती, कारण कोट प्रदर्शनात लागलाय ही बातमी मी अगदी मोजक्याच साठ-सत्तर लोकांना सांगितली होती.

पुण्याच्या बाई जाड सुती साडी नेसलेल्या, चष्मा गळ्यात लटकवलेला. बोलणं मऊ. सरोवरवाला सतरा मिनिटं बोलला. मग सुचिता उभी राहिली. “वस्त्र हा स्मृतींचा अवकाश आहे,” ती म्हणाली. पुढे काही नाही. तिनं पुन्हा म्हटलं, “अवकाश आहे.” राजकुमार खाली बघत होता. समीक्षा ओठ हलवून पुढचं वाक्य दाखवत होती. माईकमधून नुसता पंख्याचा आवाज येत होता.

पुण्याच्या बाईंनी तिला हात द्यायचा प्रयत्न केला. “हा कोट फार बोलका आहे. कुणाचा होता?”

सुचितानं सासूकडे पाहिलं. वच्छलाबाईंनी छताकडे पाहिलं. आणि मी मागे वळून पाहिलं, तर चिखलीची सगळी चाळिशी-पन्नाशीची पुरुषमंडळी एकजात आपापल्या चपला न्याहाळत होती. त्या एका खोलीत तो कोट कधीकाळी घातलेले नऊ जण तरी होते.

मी उठले. त्यात माझा काही मोठेपणा नाही. नवऱ्याला पुढे करण्यात कसला मोठेपणा. म्हटलं, कोट यांचा. चारचौघांत सव्वीस वर्षं सांगतेय, आता पुण्यासमोर सांगते. लोक हसले. महादेवराव उभे राहिले, आणि मला वाटलं पाणी पितील. पण त्यांनी शांतपणे हात मागे नेऊन दाखवलं.

“हाव, म्या घातला होता. पाठीले सात चिमटे. फोटो काढताना एक निसटला, म्हणून त्या फोटोत मी असा हासून राह्यलो.”

मला हे माहीत नव्हतं. त्या हसण्यावरच तर मी होकार दिला होता.

हशा पिकला. सुचिताच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. पण पुण्याच्या बाई कामाच्या माणूस. त्यांनी लगेच दुसरीकडे बोट ठेवलं. “आणि ही साडी? हिच्यावर हे लाल दोऱ्याचे बारीक गोल कसले?”

मी तोपर्यंत त्या गोलांना नक्षी समजत होते.

सुचिता म्हणाली, “टाचणीचे भोकं हायेत. जिथं जिथं आईनं टाचणी लावली, तिथं भोक पडलं. मी ते बुजवलं नाई. भोवतीनं दोरा फिरवला. एकेक भोक म्हणजे…” आणि थांबली. कारण तिची नजर माझ्यावर पडली. तिनं मान खाली घातली. “म्हणजे नक्षी हाय,” ती म्हणाली.

आता सांगते, माणसाचे विचार किती भराभर चालतात. तिला माझी निगेटिव्ह माहीत होती. ती माझ्यासाठी गप्प बसत होती. तिनं सव्वा वर्ष शिवलेलं, टाकीवर चढून उसवलेलं सगळं काम, तिची पाच मिनिटं, पुणं, हे सगळं ती माझ्या एका खोट्या साडीपायी गुंडाळून ठेवायला निघाली होती. आणि माझ्या शेजारी महादेवराव बसले होते, खिशात कपाटाची किल्ली घेऊन, कारण संजीवनी सकाळीच आमच्याकडे मुक्कामाला आली होती.

मी म्हटलं, “साडी मी नेसली होती. अठ्ठ्याण्णव साली. खाली घरचं कॉटनचं लुगडं होतं, वरतं हे रेशीम.”

महादेवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरोवराकडे पाहिलं.

मागून एक आवाज आला, “दोन हजार एकले मी नेसली तवा काठ उसवेल होता.” लगेच तिसरी म्हणाली, माझ्या वेळी चांगला होता, तुझ्याच खांद्यानं उसवला असेल. दोघींची तिथेच जुंपली. एक गृहस्थ उठून कोटाच्या खिशात हात घालून बघू लागले. म्हणे माझी तेव्हाची चिठ्ठी राहिली असेल. वच्छलाबाई छताकडून हळूहळू खाली आल्या, पदर खोचून गोधडीपाशी गेल्या आणि एकेका गोलावर बोट ठेवू लागल्या. ही लई रडली होती. हिचं तोंड सुजेल होतं, दात दुखत होता, पण लग्न जमलं. नाव एकही घेतलं नाही. पण ज्या त्या गोलाला जी ती बाई आपोआप लाल होत होती.

आणि सुचिता बोलायला लागली. भाषण नाही. स्टुडिओतल्या आवाजात, हळू, जसं ती सगळ्यांशी बोलते. बायकांना गोधडीजवळ बोलावलं, कोणाची मान सरळ केली, कोणाला जरा डावीकडे घेतलं, आणि प्रत्येकीला तिचा गोल दाखवला. दोनशे अकरा गोल होते, साडी नेसलेल्या दर पोरीमागे एक. तिनं निगेटिव्हवरून मोजून काढले होते. “हे सारे फोटो खोटे होते,” ती म्हणाली, “पण त्यायच्यातून घरं खरी झाली. मंग मले वाटलं, पाठ नसलेल्या कोटाले एकदा पाठ द्यावी.” तिनं गोधडी उलटून दाखवली. मागच्या बाजूला, कोटाच्या नेमकं मागे, तिनं गच्चीवरच्या फोटोनंतर किसनरावांचा जुना शर्ट जोडला होता. भिंतीला लागून राहूनही मला ते ठाऊक नव्हतं. पुण्याच्या बाईंनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला. राजकुमार बराच वेळ त्या शर्टाला हात लावून उभा होता.

पाच मिनिटांची पन्नास झाली. गोधडी पुण्याला निवडली.

परतीच्या एसटीत महादेवरावांनी केळवदपर्यंत तिकिटाची घडी घातली आणि उघडली. मग म्हणाले, “म्हणजे संजीवनीनं साडी नेली नाई.”

म्हटलं, नाही.

“सव्वीस वर्षं.”

म्हटलं, हो.

“आन मले कोटवाले म्हणत होती.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. घरी पोहोचल्यावर त्यांनी खिशातली किल्ली काढून संजीवनीच्या हातात दिली. तिला काहीच कळेना. दुसऱ्या दिवशी बाजारातून तिच्यासाठी साडी आणली, मोरपंखी, रेशमी, पूर्ण सहा वार. माझ्यासाठी काही नाही. गल्लीतली पोरं आता मला ‘अडीच वार’ म्हणतात. हे नाव त्यांना कोणी शिकवलं ते मला माहीत आहे. तो माणूस रात्री माझ्याच घरी जेवतो.

शेवटचं राहिलंच. पुण्याहून निरोप आला की गोधडीशेजारी लावायला कलाकाराचा एक फोटो पाठवा. घर शोधलं तर सुचिताचा एकही धड फोटो नाही. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे. राजकुमारनं बऱ्याच दिवसांनी मोठा कॅमेरा पुसला. सुचिता संध्याकाळी मागच्या दारानं माझ्याकडे आली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “ताई, एक चांगली साडी भेटन का? फोटोपुरती.” मी संजीवनीकडून मोरपंखी आणून दिली. वच्छलाबाईंनी नेसवली, मागून टाचण्या लावल्या. सुचिताला कॅमेऱ्यापुढे नीट उभंच राहता येईना. शेवटी मीच दोन बोटांनी तिची हनुवटी खाली केली.

तो फोटो आता पुण्यात मोठ्या भिंतीवर लागलाय. लोक म्हणे म्हणतात, कलाकाराची साडी किती सुंदर आहे. साडी परत देताना तिनं मला बजावलं होतं, ताई, साडीचं कोणाले सांगू नका. पण पडद्यामागचं पडद्यामागं हा नियम त्यांच्या स्टुडिओचा. मी भिंतीच्या अलीकडे राहते.